ढोलकीचा डावा हात : उपनगरातील गायनपार्ट्या आणि खर्जाचा प्रश्न

आपल्या चळवळीतील गाण्यांवर बरेच लिहून झाले आहे. शाहिरांची चरित्रे निघाली, गीतांचे संग्रह निघाले, विद्यापीठांतून प्रबंध झाले. या सगळ्या लेखनात शब्दांचा विचार आहे, आणि तो योग्यच आहे. पण गाणे म्हणजे नुसते शब्द नव्हेत. शब्द ज्या आवाजावर उभे राहतात त्याचाही एक इतिहास असतो. त्यातही वरचा, टिपेचा आवाज सर्वांच्या लक्षात राहतो. खालचा आवाज, ज्याला खर्ज म्हणतात, तो कोणी दिला, कशाच्या जोरावर दिला आणि तो दहा माणसांपासून दोनशे माणसांपर्यंत पोहोचवण्यासाठी काय काय खटपटी कराव्या लागल्या, याची नोंद आपल्या कागदपत्रांत फारशी सापडत नाही. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात गायनपार्ट्यांबरोबर मी काही वर्षे हिंडलो. मला गाता येत नव्हते, त्यामुळे माझ्याकडे बॅटरी, वायरी आणि पेटारा वाहण्याचे काम होते. त्या कामातून जे दिसले आणि नंतर वाचनातून जे कळले, त्याची सांगड घालण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम वाद्यांकडे पाहू. महाराष्ट्रातील लोकगायनाला खर्ज पुरवणारी बहुतेक वाद्ये चामड्याची आहेत. ढोलकीचा उजवा हात बोल बोलतो आणि डावा हात घुमतो. संबळाच्या जोडीतले एक तोंड बारीक बोलते, दुसरे जाड. चौंडक्याला खाली कातडे आणि मधून तार असते. ते काखेत दाबून तार छेडली की गिळल्यासारखा सूर निघतो. तुणतुण्याचीही रचना तीच. पोकळ लाकडी नळकांडे, तळाला कातडे, बाजूला काठी आणि एकच तार. शाहिराच्या मागे उभा राहिलेला झीलकरी ते सतत वाजवत राहतो आणि शाहिराला सुराची जमीन मिळते. कोकणच्या दक्षिण टोकाला आणि गोव्यात घुमट आहे. मातीचे भांडे आणि त्याच्या तोंडावर ताणलेले कातडे. पूर्वी हे कातडे घोरपडीचे असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती वाट बंद झाली आणि बकऱ्याचे कातडे वापरात आले. तार आणि कातडे यांचा हा मेळ, आणि त्यामागे लाकूड, माती किंवा भोपळा यांची पोकळी, हेच विजेपूर्वीचे आवाज मोठा करण्याचे यंत्र होते. ते हातात धरून गावोगाव नेता येत होते.

मात्र या यंत्राला जात होती. जनावर कोणी ओढायचे, कातडे कोणी कमवायचे, ते कोणी मढवायचे आणि कोणी बडवायचे, हे सगळे ठरलेले होते. तंबोऱ्याच्या खर्जावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारागिरांची नावे इतिहासात आहेत. भोपळा पंढरपूरच्या परिसरातून येतो हेही सांगितले जाते. पण मैफलीत डग्गा घुमतो तेव्हा त्या कातड्यामागची माणसे कोणाला आठवत नाहीत. तमिळनाडूत मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली एक सबंध पुस्तक लिहिले. कर्नाटक संगीतातल्या एका प्रतिष्ठित ब्राह्मण गायकाने ते लिहावे लागले, यातच सारे आले. मराठीत ढोलकी मढवणाऱ्यांवर तसे पुस्तक व्हायला हवे.

इथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. गावकीच्या कामात वाजवणे हे आपल्या लोकांवर लादलेले काम होते. दवंडी द्यायची, मयताच्या पुढे हलगी वाजवायची, जत्रेत देवाच्या पालखीपुढे वाजवायचे, मात्र देवळात पाऊल टाकायचे नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले. ते वतन प्रत्यक्षात रद्द व्हायला १९५८चा कायदा यावा लागला. या तीस वर्षांत, आणि १९५६च्या धर्मांतरानंतर तर निश्चयाने, अनेक गावांतील आपल्या लोकांनी वाद्ये खाली ठेवली. काहींनी ती विहिरीत टाकली, असे जुनी माणसे सांगत. ज्या वाद्याने आपल्याला हलके ठरवले ते पुन्हा खांद्यावर का घ्यायचे, असा त्यांचा रोकडा सवाल होता आणि तो बरोबर होता.

अमेरिकेतील आणि वेस्ट इंडीजमधील निग्रो बांधवांचा इतिहास पाहिला तर याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. साउथ कॅरोलिनात १७४० साली गुलामांविषयी जो कायदा झाला, त्यात त्यांना ढोल बाळगण्यास मनाई होती. ढोलाच्या आवाजावर बंड जमेल, ही मालकांना भीती होती. त्रिनिदादमध्ये १८८१च्या दंग्यानंतर इंग्रज सरकारने ढोलावर निर्बंध घातले, तेव्हा तिथल्या लोकांनी बांबूची नळकांडी जमिनीवर आपटून ताल धरला. जाड बांबूचा खर्ज, बारीक बांबूचा वरचा सूर. पुढे त्यांनी तेलाची रिकामी पिंपे ठोकून सुरात आणली आणि त्यातून एक नवे वाद्यच जन्माला आले. अमेरिकेच्या दक्षिण भागात गरीब निग्रो वादकांनी कपडे धुण्याचे पत्र्याचे टब उलटे घातले, त्याला काठी आणि दोरी लावली आणि महागड्या वाद्याचा खर्ज त्यातून काढला. कोणी मातीच्या किंवा काचेच्या बुधल्यात फुंकून तोच सूर देई. १९५०नंतर इंग्लंडमधील कामगारांच्या पोरांनी चहाच्या खोक्याला दोरी बांधून तेच केले. तिकडे ढोल वाजवायला बंदी होती. इथे वाजवण्याची सक्ती होती. बंदी मोडण्यासाठी त्यांनी खर्ज शोधला. सक्ती मोडण्यासाठी आपण आधी तो टाकला आणि मग स्वतःच्या अटीवर परत मिळवला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा निग्रो साहित्याशी आपले नाते सांगितले गेले. ते नाते नुसत्या कवितेचे नव्हते. रिकाम्या डब्याचेही होते.

हा खर्ज परत मिळवण्याचे काम जलशांनी केले. सत्यशोधक समाज १८७३ सालचा. त्याच्या जलशांनी तमाशाचा साज तसाच ठेवला आणि गण-गौळणीच्या जागी विचार आणला. तीच वाट पुढे आंबेडकरी जलशांनी धरली. १९३०नंतर काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाने नाशिक जिल्हा ढवळून निघाला होता. त्याच काळात भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे उभे केले. ढोलकी तीच होती, पण ती आता पाटलाच्या वाड्यापुढे वाजत नव्हती. आपल्याच माणसांपुढे आपल्याच हुकमाने वाजत होती. वाद्य बदलले नाही, वाजवण्याचा करार बदलला. वामनदादा कर्डक हेही त्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. त्यांचा जन्म १९२२चा, मृत्यू २००४चा. त्यांनी उभ्या महाराष्ट्रात गाणे नेले आणि त्यांच्यामागे शेकडो गायनपार्ट्या उभ्या राहिल्या.

मुंबईच्या उपनगरांत हे गाणे आले ते माणसांबरोबर. १९५० आणि १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द वाढली आणि अंधेरी, घाटकोपर, मग बोरिवली, मुलुंड शहरात आले. कारखाने आले, त्यांच्या मागे झोपड्या आल्या. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि विदर्भातून आणखी लोंढे आले. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहत होते. १९४४च्या सुमारास अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. ते मैदानातील हजारो कामगारांपुढे गात. विक्रोळीत विठ्ठल उमप होते. मोठी नावे सांगायची ती ही. पण प्रत्येक वस्तीत एखादी लहान पार्टी होती. एक पेटी, एक ढोलकी किंवा ढोलक, बुलबुलतरंग असले तर असले, टाळ आणि चारपाच कोरस. बारसे, साखरपुडा, पुण्यानुमोदन, विहाराचा वर्धापनदिन, अशा वीस-पंचवीस माणसांच्या बैठकीत ही पार्टी गाई. चौदा एप्रिलची रात्र मोठी, पण वर्षाचे बाकीचे दिवस या लहान बैठकींचे होते. मला ज्याविषयी लिहायचे आहे तो खर्जाचा प्रश्न याच बैठकींत उभा राहिला.

आता आवाजाचे शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढची खटपट कळणार नाही. ढोलकीच्या डाव्या अंगाचा मूळ सूर सेकंदाला सुमारे शंभर कंपनांचा धरला, तर हवेतली त्याची एक लाट अकरा फुटांच्या आसपास भरते. म्हणजे आपल्या वस्तीतली दहा बाय बाराची खोली आणि ती लाट जवळजवळ सारख्याच लांबीची. एवढी लांब लाट ढकलायला मोठा पडदा लागतो किंवा मोठी पोकळी लागते. शिवाय माणसाचा कान खालच्या सुरांना मुळातच मंद आहे. बारीक सूर थोड्या ताकदीत ऐकू येतो, जाड सुराला कितीतरी जास्त ताकद लागते. म्हणून शहराच्या गोंगाटात सगळ्यात आधी मरतो तो खर्ज. बाहेर लोकल धडधडते आहे, नळावर भांडण चालू आहे, वरती पत्रा तापून कडकडतो आहे. यात गायकाचा आवाज टिकतो. ढोलकीचा डावा हात बुडून जातो आणि ठेका लंगडा होतो.

भोंगा आला तेव्हा लोकांना वाटले, आता प्रश्न सुटला. दिल्लीच्या आहुजा कंपनीचा धंदा १९४०चा. तिचे ॲम्प्लिफायर आणि भोंगे देशभर मंडपांतून पोहोचले. पण भोंगा हे बोलण्याचे यंत्र आहे. त्याच्या तोंडाचा घेर दीड-पावणेदोन फुटांचा, त्यामुळे अडीचशे-तीनशे कंपनांच्या खालचे त्यातून जवळजवळ काही निघत नाही. भाषण लांबवर स्पष्ट जाते. ढोलकीचा मात्र फक्त उजवा हात जातो. लांबच्या माणसाला तरी ठेका कळतो, कारण वरच्या सुरांवरून कान खालचा सूर मनानेच भरून काढतो, ही कानाची मोठी करामत आहे. पण जवळ बसलेल्याच्या छातीत जे धप्प व्हायला हवे ते होत नाही. आणि छातीत झाल्याशिवाय माणूस टाळी धरत नाही, हे कोणताही ढोलकीवाला सांगेल.

दुसरी अडचण विजेची. पुष्कळ झोपडपट्ट्यांत सत्तरच्या दशकात वीज नव्हती. म्हणून मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी भाड्याने आणायची. ती दहा-पंधरा किलोची, आत तेजाब, वाहताना कलली तर लेंग्याला भोके पडणार. ती खांद्यावर घेऊन टेकडी चढायची. बारा व्होल्टचे गणितही कंजूष आहे. साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर चार ओहमच्या स्पीकरला जोडला तर कागदावरसुद्धा साडेचार वॅटच्या पुढे जात नाही. त्यापुढे जायचे तर ट्रान्सफॉर्मर हवा, म्हणजे पैसे आले आणि वजनही आले. आवाज कानाला दुप्पट वाटायचा असेल तर ताकद सुमारे दहापट लागते. साडेचार वॅटवर खर्ज मागणे म्हणजे मूठभर ज्वारीत पंगत उठवण्यासारखे होते.

पण पंगत उठवली गेली. कशी, ते सांगतो. उघडा स्पीकर वाजवला तर त्याच्या पुढून निघालेला आवाज आणि मागून निघालेला आवाज एकमेकांच्या उलट असतात. खालच्या सुरांत ते वळसा घालून भेटतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. मागचा आवाज कोंडला की पुढचा जगतो. हे पुस्तकात वाचून कोणी केले नाही. लॅमिंग्टन रोडवरून किंवा चोर बाजारातून मोटारीतला पाच-सहा इंची जुना स्पीकर आणायचा. मातीचा माठ घ्यायचा, त्याच्या ओठावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बसवायची आणि त्यावर स्पीकर घट्ट बांधायचा. माठ जड, गोल आणि कडक. त्याच्या अंगाला समोरासमोर सपाट भिंती नाहीत, त्यामुळे तो थरथरत नाही. असे माठ त्या काळी पुष्कळ घरांत रेडिओला आणि टेपला जोडलेले दिसत. आमच्या पट्ट्यातल्या पार्ट्यांनी ते बैठकीत नेले. माठ फुटायचा. मग कोणी चहाच्या जुन्या लाकडी खोक्याला गोल भोक पाडले. कोणी कारखान्यातून भंगारात निघालेल्या पॅकिंगच्या फळ्या जोडल्या, सांध्यांना डांबर भरले आणि आत जुन्या गोधडीचा तुकडा घातला, म्हणजे खोका भणभणत नाही. पत्र्याचा तेलाचा डबाही लोक वापरून पाहत, पण तो खर्ज देण्यापेक्षा स्वतःच जास्त बोलतो.

जागा ठरवणे ही दुसरी विद्या. खोका खोलीच्या मध्ये ठेवला तर निम्मा खर्ज वाया जातो. जमिनीवर, दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवला तर दोन्ही भिंती आणि जमीन मिळून त्याला ढकलतात आणि तेवढ्याच बॅटरीत तो कितीतरी भरतो. आमच्या पार्टीत ढोलकीवाला नेहमी कोपऱ्यात पाठ करून बसे. नव्या माणसाला वाटे, हा लाजतो. तो लाजत नव्हता, भिंतीकडून काम करून घेत होता. तिसरी विद्या माइकची. माइक एकच. तो गायकाला द्यायचा की ढोलकीला, यावरून रुसवेफुगवे होत. मग तो आडवा टाकून ढोलकीच्या डाव्या अंगाशी अगदी चिकटवायचा, कारण जवळ नेला की खालचा सूर फुगतो, आणि गायकाने उघड्या गळ्याने गायचे. ही व्यवस्था मला आजही महत्त्वाची वाटते. मैफलीच्या जगात माइक गायकाचा असतो आणि साथीदाराने आपला हात आवरायचा असतो. इथे माइक ढोलकीला मिळाला. ज्याचा आवाज सगळ्यात लवकर बुडतो त्याला आधी आधार, हा न्याय आमच्या एका फाटक्या बैठकीने कोणी न शिकवता लावला.

याला नुसती गरज म्हणून सोडून द्यावे, असे मला वाटत नाही. गरज तर होतीच. पण लहान बैठकीचा हा लवाजमा दोन माणसांना उचलता येत होता आणि त्याला पोलिसांचा परवाना लागत नव्हता. मोठ्या मैदानाला मंडप लागतो, मंडपाला वर्गणी लागते, वर्गणीला पुढारी लागतो. पुढारी आला की गाण्यातील काही कडवी गळतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. खोक्यावर गाणाऱ्याला ती गाळावी लागत नव्हती. मुलुंडच्या झोपडीत राहणारे शाहीर विलास घोगरे अशाच कमी सामानावर गाणाऱ्यांपैकी होते. आनंद पटवर्धनांच्या १९८५च्या मुंबईवरील चित्रपटात त्यांचा आवाज आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मारली. १५ जुलैला घोगऱ्यांनी आपल्या झोपडीत जीव दिला. त्यानंतर त्या पट्ट्यात कित्येक दिवस बैठक बसली नाही. पुन्हा बसली तेव्हा त्यांचीच गाणी म्हटली गेली आणि ती म्हणायला कोणी मंडप घातला नव्हता.

पुढे दोन गोष्टींनी ही परंपरा मागे रेटली. एक कायदा, दुसरा डीजे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी, आणि राहत्या भागात दिवसा पंचावन्न, रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. नियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. आजारी माणूस वस्तीतही असतो आणि परीक्षेचे पोर वस्तीतही असते. पण दिवसपाळी करून येणाऱ्या माणसाचा जलसा रात्री दहालाच सुरू होत असे, याचा विचार त्यात नाही. दुसरीकडे मिरवणुकीत ट्रकभर खोकी आली. आता खर्ज उदंड झाला, एवढा की खिडक्यांच्या काचा हलतात. मात्र त्या खर्जात ढोलकीचा डावा हात नाही, शब्दही नाही. आम्ही साडेचार वॅटवर जे मिळवण्यासाठी धडपडत होतो ते हजारो वॅटवर हरवावे, यासारखा दैवदुर्विलास नाही. दैव हा शब्द आपल्याला मान्य नाही, म्हणून दुरुस्त करून सांगतो. हा बाजाराचा परिणाम आहे. भाडे ट्रकाचे मिळते, खोक्याचे मिळत नाही.

तरुणांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. त्यांच्या हातात आज मुठीएवढे स्पीकर आहेत आणि हलक्या बॅटऱ्या आहेत. मोबाइलचा आवाज भरावा म्हणून तो स्टीलच्या पेल्यात उभा करणारे पोर मी दर आठवड्याला पाहतो. ते आमच्या माठाचेच काम करते आहे. त्याला इतिहास सांगितला पाहिजे. माझी सूचना एवढीच आहे. प्रत्येक विहाराच्या वाचनालयात पुस्तकांशेजारी एखादी जुनी ढोलकी, एखादा खोका आणि असलाच तर एखादा माठ ठेवावा. ते वाजत्या स्थितीत ठेवावेत, काचेच्या कपाटात नव्हे. वस्तीत ज्यांनी ढोलकी मढवली, ज्यांनी खोके जोडले, ज्यांनी बॅटऱ्या वाहिल्या, त्यांची नावे गायकाच्या नावाखाली लिहून काढावीत. हे काम आता करावे लागेल, कारण त्या पिढीतील माणसे भराभर जात आहेत. आणि महिन्यातून एकदा भोंग्याशिवाय, वीस माणसांत, कोपऱ्यात पाठ करून बसणाऱ्या ढोलकीवाल्यासह बैठक भरवावी. तिला परवाना लागत नाही, वर्गणीही लागत नाही.